पेडल

गाडी विकायची ठरली तेव्हा ब्रेकचं मला माहीत होतं. हे मी पहिल्यांदाच लिहितो आहे. बायकोलाही सांगितलेलं नाही.

धुळ्याहून येताना पारोळ्याच्या अलीकडे टोलनाक्याशी रांगेत उभा होतो. पाय ब्रेकवर. पेडल हळूहळू खाली जाऊ लागलं, जणू पायाखाली लोणी आहे. गाडी पुढच्या ट्रककडे सरकली. पाय उचलून पुन्हा दाबला तर पेडल घट्ट. जळगावात मिस्त्रीला दाखवलं. तो म्हणाला, "ब्रेकचा मास्टर सिलिंडर आतून गेलाय. पटपट दाबला तर कळणार नाही. धरून ठेवला की सोडून देईल. बदलून टाका, सर." मी बघू म्हणालो. गाडी काढायचीच होती, त्यात कशाला हात घालायचा, असा विचार केला. विचार असा साधाच होता.

मग मी गाडी नटवायला काढली. मेहरूणच्या एका वॉशिंग सेंटरवर आतून-बाहेरून धुऊन घेतली, सीटची कव्हरं बदलली, टायरला काळं पॉलिश मारलं. डॅशबोर्ड तर मी स्वतः जुन्या बनियनने पुसला. पुसताना माझी नजर पेडलवर जात नव्हती. मी ती जाऊ देत नव्हतो.

गिऱ्हाईक आलं ते यावलकडचं, केळीवाले बापलेक. लेक माझा विद्यार्थी निघाला, नववीत माझ्या वर्गात होता. दारातच वाकून पाया पडला. बहिणीला आठवा महिना लागला होता, ती बाळंतपणाला माहेरी आलेली. वाडीवरून जळगावच्या दवाखान्यात न्यायला घरची गाडी हवी, म्हणून घाई.

मी म्हणालो, "मिस्त्री आणला असता तर बरं झालं असतं." खरं तर तो आला नाही म्हणून माझा जीव भांड्यात पडला होता.

म्हातारा हसला. "मास्तरच्या दारात मिस्तरी आनतं का कोनी? अरे, यानं तुले बेरीज-वजाबाकी शिकवली, हा तुले फसवंल का?"

"आबा, मला सर भूगोल शिकवायचे," लेक म्हणाला.

"मंग त रस्ता बी यायलेच माहीत."

चालवून बघायला निघालो तेव्हा मी लेकाला मेहरूणच्या तलावाच्या बाजूने नेलं. तिकडे सिग्नल नाही. हायवेला जाऊ म्हणाला, तर म्हटलं, गर्दी असते. त्याने दोनदा करकचून ब्रेक मारला, गाडी जागच्या जागी थांबली. "एक नंबर, सर." बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढून, चाकांखाली लिंबू चिरडून ते गाडी घेऊन गेले.

त्यानंतर तीन दिवस मी वर्गात उभा होतो, पण शिकवलं काय ते आठवत नाही. फळ्याकडे पाठ केली की मला ती पोटुशी बाई मागच्या सीटवर दिसायची. चौथ्या दिवशी सकाळी लेकाला फोन लावायला घेतला आणि कापला. चालवत असेल आणि फोन वाजला तर? शाळेत रजा टाकली आणि यावलची बस धरली. तापीच्या पुलावर समोरून येणारी प्रत्येक पांढरी गाडी मी वाकून बघत होतो.

ओट्यावर म्हाताऱ्याची बायको शेंगा सोलत होती.

"अक्का, गाडी कुठंय?"

"पोरीले घेऊन गेले दोघं जयगावले. सकायी पोटात दुखे लागलं तिच्या." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "का मास्तर, गाडी परत मांगाले आले का?"

तिने चहा ठेवला. तो माझ्या हातात थंड झाला. जळगावात शिरलं की हायवेला चार-पाच सिग्नल. प्रत्येक ठिकाणी पाय ब्रेकवर धरून ठेवायचा. आणि पुढे उभा असतो तो केळीचा ट्रक नाहीतर सळयांचा ट्रॅक्टर. सळया मागे बाहेर आलेल्या असतात. मी अक्काला विचारलं, फोन आला का? ती म्हणाली, येईल ना भो, बाळंतपण काही बस आहे का वेळेवर यायला.

दुपार कलली तेव्हा गाडी आली. तिघंही होते. डॉक्टरांनी अजून वेळ आहे म्हणून परत पाठवलं होतं. मुलगी आईचा हात धरून सावकाश आत गेली.

लेक खाली उतरला. "सर, तुम्ही? एक विचारायचंच होतं. सिग्नलला पेडल जरा खाली गेलं. सळयांच्या ट्रॅक्टरला लागता लागता राहिली. मी घाबरून दुसऱ्यांदा दाबलं, तर थांबली. जुन्या गाडीचं असंच असतं का?"

इथे सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं: "काल मिस्त्री सहज भेटला. तो म्हणाला, या मॉडेलच्या ब्रेकचा पार्ट जातो. म्हणून धावत आलो. चल, आत्ताच बदलू."

यावलच्या गॅरेजमध्ये मी स्टुलावर बसून नवीन सिलिंडर बसेपर्यंत हललो नाही. पैसे मीच दिले. म्हातारा तिथल्या मिस्त्रीला सांगत होता, "पाहा, विकलेल्या गाडीसाठी जयगावहून बसनं आला मानूस. आजकाल करतं का कोनी?"

मिस्त्रीने जुना सिलिंडर हातात उलटापालटा केला आणि माझ्याकडे पाहिलं. "हा बऱ्याच दिवसांचा गेलेला आहे," एवढंच म्हणाला. म्हातारा गाडीचा आरसा पुसत होता. त्याने ऐकलं की नाही, मला माहीत नाही. तेव्हापासून माझी भीती बदलली, गेली नाही.

लेकाच्या बहिणीला मुलगी झाली, बारशाला मला बोलावलं. म्हाताऱ्याने व्याह्यांना, गावच्या लोकांना मास्तर बसने कसे आले ते पुन्हा सांगितलं आणि मला पाटावर बसवलं. अक्काने बाळ माझ्या मांडीवर दिलं. मी ते अंगापासून लांब, अधांतरी धरलं.

"मास्तर, घट्ट धरा, पडत नाही ती," अक्का म्हणाली. सगळे हसले.

लेक समोरच उभा होता. मी त्याच्याकडे न बघता बाळ परत दिलं, आणि बसची वेळ झाली म्हणून जेवायच्या आधीच उठलो. बसला अजून दीड तास होता.