तांदळातलं नाव

लग्न होऊन मी नाशिकला सासरी आले, ते साल पस्तीस-छत्तीस असावं. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले होते. त्यात नवऱ्याने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं आणि मग सगळ्यांना साखर वाटायची, अशी रीत. नाव सासूबाईंनी ठरवलेलं. नवऱ्याने ते लिहिलं. मी हात फिरवून पुसून टाकलं आणि तिथेच बोटाने माझं जन्माचं नाव लिहिलं. मराठी सातवी पास होते मी! गाय विकत आणली तरी तिचं नाव कुणी बदलत नाही, मी तर माणूस होते.

साखर तशीच राहिली. आत्येसासूबाई म्हणाल्या, "ही पोरगी घर बुडवणार." नवरा खाली मान घालून हसला, तेवढं मला पुरलं. सासूबाई मात्र चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पाचव्या दिवशी मी तांदूळ निवडत बसले होते. सासूबाई समोर येऊन बसल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. निवडलेले तांदूळ त्यांनी ताटात पसरले आणि ताट माझ्यापुढे सरकवलं.

"माझं माहेरचं नाव लिही," त्या हळूच म्हणाल्या. "कसं दिसतं, ते मी कधी पाहिलंच नाही."