चिमटा कुणाच्या पोटाला

माझ्या मावशीला सगळी गल्ली भागाबाई म्हणायची. कागदोपत्री तिला दुसरं चांगलं नाव होतं, पण ते कागदावरच राहिलं. घरात काही कमी आहे का, असं कुणीही विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "भागतंय की!" चादर विरली? भागतंय. छत्रीच्या काड्या मोडल्या? एका बाजूने तर उघडते ना, भागतंय. जिन्यावरच्या कुणीतरी थट्टेने भागाबाई म्हटलं आणि तेच चिकटलं. हाक मारली की तीही हसून ओ द्यायची.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. काका, म्हणजे तिचे यजमान, खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठा कापायच्या यंत्रावर होते. थोरला मुलगा दुसऱ्याची गाडी चालवून सामान पोचवायचा. त्याला काम कधी असायचं, कधी नसायचं. धाकटा शिकत होता. म्हणजे मिळवते हात दीड आणि खाणारी तोंडं चार.

तिचं घर चालवणं मात्र बघत राहावं असं होतं. चादर मधोमध विरली की ती उभी फाडायची, धडक्या कडा मध्ये आणून शिवायची आणि विरलेला भाग कडेला, गादीखाली दडपून टाकायची. शर्टाची कॉलर झिजली की उसवायची आणि उलटी करून पुन्हा लावायची. साबणाची उरलेली चकती ओली करून नव्या वडीच्या पाठीवर चिकटवायची. सगळं चिरून, धुऊन, हाताशी मांडल्याशिवाय तिचा गॅस पेटायचा नाही. डाळीला उकळी आली की गॅस बंद, आणि भांडं जुन्या घोंगडीत गुंडाळून कोपऱ्यात. डाळ आपल्या वाफेवर शिजायची. कपडे खळबळलेलं पाणी फरशीला आणि फरशीचं पाणी संडासाला. त्या घरात पाण्यालासुद्धा विश्रांती नव्हती.

काकांना तिचा भारी अभिमान. "आमच्या घरात वाया जातं ते फक्त माझं घोरणं," असं ते कारखान्यात सांगायचे. माझ्या आईला हे कौतुक खपायचं नाही. आई मावशीची धाकटी बहीण आणि तोंडाने फटकळ. ती एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊजी, पोटाला चिमटा काढून घर चालतं हे खरं. पण चिमटा कुणाच्या पोटाला, ते बघितलंत का कधी?" काका हसले. आईच्या बोलण्यावर हसायची त्यांनी सवय लावून घेतली होती.

मला काकांचा राग यायचा. अजूनही येतो, आणि तो त्यांच्या वाईटपणाचा नव्हे. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. काका दारू प्यायचे नाहीत, हात उगारायचे नाहीत, पगार आणून तिच्या हातात ठेवायचे आणि मग त्या हातांकडे बघायचे नाहीत. मुलगेही त्याच वळणावर गेले होते. "तुमचं होऊ द्या, मी बसते नंतर," म्हणत मावशी ओट्याशी उभी असायची. तिचं 'नंतर' कधी व्हायचं, हे त्या तिघांतल्या एकालाही सांगता आलं नसतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. मावशी पाय पोटाशी घेऊन झोपायची, म्हणजे अंथरूण बाकीच्यांना पुरावं.

मग तिचे पाय सुजायला लागले. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि भरून यायला वेळ लागायचा. जिना चढताना ती प्रत्येक मजल्यावर थांबायची आणि कुणी पाहिलं तर कठडा पुसत असल्याचं सोंग करायची. आईनेच तिला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. गोळी दिली, रोज एक, आयुष्यभर. चुकवायची नाही, नीट जेवायचं, ओझं उचलायचं नाही. मावशीने मान डोलावली. तिची मान कुठल्याही गोष्टीला डोलायची.

सूज थोडी उतरली. काका खूश झाले. गोळ्यांची पट्टी संपायची तेव्हा संपत नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी ते आम्हाला काय म्हणून सांगावं? "बघा, हिच्या हातात औषधालासुद्धा बरकत आहे!" आईच्या हातातला कप तसाच राहिला. ती उठून स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर भाजीच्या सुरीने अर्धी केलेली गोळी बशीखाली झाकून ठेवलेली होती.

"ताई, हे काय?"

"अगं, अर्धीनेही बरं वाटतंय. मग अख्खी कशाला? भागतंय की."

आई त्या दिवशी इतकी चिडली की तिचा आवाज फुटला. "चादर आहेस का तू, फाडून जोडायला?" मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि उद्यापासून अख्खी घेईन असं सांगितलं. काकांनीही, "घेत जा गं अख्खी," असं म्हटलं. म्हटलं म्हणजे झालं, अशी त्यांची समजूत. तिला नवी पट्टी आणून द्यायला ते विसरले, आणि ती काही मागणारी नव्हे.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी चहा करताना मावशी खाली बसली. ओट्याशी, फरशीवर, पाय पसरून. काकांनी तिला त्या वेळी असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते डबा घेऊन कामाला गेले खरे, पण त्यांना चैन पडेना. जेवणाच्या सुट्टीआधीच त्यांनी यंत्राशेजारून घरी फोन लावला आणि ओरडून विचारलं, "बरं वाटतंय ना? काही हवंय? येऊ का घरी?" पलीकडून ती काहीतरी म्हणाली. काकांनी फोन खिशात टाकला आणि पुन्हा पुठ्ठा कापायला लागले.

धाकटा परीक्षेहून आला तेव्हा ती दाराशी पडलेली होती. दाराची कडी काढलेली होती. तिला कुठे जायचं होतं, की कुणाला हाक मारायची होती, कोण जाणे.

दवाखान्याच्या बाकावर काका दोन्ही हात मांड्यांमध्ये घालून बसले होते. आम्ही पोचलो तसे ते आईकडे बघून घाईघाईने बोलायला लागले, जणू कुणी त्यांच्यावर खटला भरला होता. "मी फोन केला होता. खरंच केला होता. येऊ का म्हणून विचारलं. ती म्हणाली, 'भागलं हो.' तिचं नेहमीचंच. म्हणून नाही आलो."

आई त्यांच्यासमोर उभी राहिली. "भागलं म्हणाली, की भागले म्हणाली?"

एका मात्रेचा फरक. यंत्र चालू, फोन जुना, आणि उभा जन्म तिच्या तोंडून ऐकलेलं ते एकच. ती बाई पहिल्यांदा थकले म्हणाली, आणि नवऱ्याला ऐकू आलं की सगळं पुरलं. मला वाटलं होतं की आई आता त्यांना फाडून खाईल. पण ती त्यांच्या शेजारी बसली आणि रडली.

मावशी घरी परत आली, पण उशांना टेकून बसण्यापुरतीच. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही. काकांनी रजा घेतली. आता गोळी अख्खी, वेळेवर, त्यांच्या हातून जायची. घर तिघांनी चालवायला घेतलं आणि काय सांगू, साबण पाण्यात विरघळायचा, गॅस पेटवून मग कांदा शोधला जायचा. पहिल्या दिवशी काकांनी तिला विचारून तिच्याच मापाने तांदूळ घेतले, तिच्याच पातेल्यात शिजवले, आणि चार ताटं मांडली. मी तिथेच होते. त्यांनी पहिलं ताट मावशीचं वाढलं, भरपूर. मग थोरल्याचं, मग धाकट्याचं. स्वतःच्या ताटात वाढताना पळी पातेल्याच्या तळाला खरवडली.

"माप चुकलं असेल," थोरला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच माप तिला दाखवून घेतलं, एक दाणा सांडू दिला नाही. चौथं ताट पुन्हा रिकामं राहिलं.

"मग आई कशी पुरवायची?" धाकट्याने विचारलं.

काका पातेल्यात बघत राहिले. तिघांचंच शिजत होतं त्या घरात, इतकी वर्षं. चौघांचं कधी शिजलंच नव्हतं. थोरला ताटावरून उठला आणि जिन्यात जाऊन बसला. काकांनी तिचं ताट उचललं, खाटेवर तिच्याजवळ बसले आणि स्वतःच्या हाताने घास कालवला. "खा गं," ते म्हणाले. "आधी तू. आता रोज आधी तू."

तिने एक घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि कसाबसा गिळला. मग त्यांचा हात हळूच बाजूला सारला.

"नको हो आता," ती म्हणाली. "भूक मेली माझी."

ते रोज घास घेऊन बसायचे. कधी भाताचा, कधी दुधात कुस्करलेल्या पावाचा, कधी अंड्याचा. ती त्यांचं मन राखायला तोंड उघडायची आणि पुढे तेवढंही तिला जमेना. महिना भरायच्या आत ती गेली. तेव्हापासून त्या पातेल्यातला भात घरातल्या तिघांना अगदी बरोबर पुरतो.