घोडेस्वाराचं धनुष्य

गणपती होऊन गेले की पेणच्या मित्राचा मूर्तींचा कारखाना थोडे दिवस शांत असायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही चौघं तिथे बसून कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ खेळायचो. प्रत्येकाने एक काल्पनिक वीर व्हायचं आणि मित्राची ताई सांगेल त्या राज्यात लढायचं. मी रोह्याहून एसटीने जायचो. वाटेतलं गडब गाव येईपर्यंत माझा वीर ठरलेला असायचा: घोड्यावरचा तिरंदाज.

धनुष्य मी खेळातल्या शस्त्रांच्या यादीतलं सगळ्यात लांब निवडलं. कारखान्यातल्या रामाचं धनुष्य मुकुटाच्याही वर जायचं, मग माझं आखूड का?

ताई म्हणाली, "घोड्यावर ते चालायचं नाय."

"का नाय? मी नाय बदलणार!" मी तणतणलो.

ताई वर्षभर मूर्तींचे डोळे रंगवायची, त्यामुळे तिचा हात शांत आणि बोलणं कमी. तिने शाडूचा घोडा केला, त्यावर स्वार बसवला आणि त्याच्या हातात तारेचं लांब धनुष्य दिलं. मग स्वाराचे हात डावीकडून उजवीकडे वळवले, तर धनुष्य घोड्याच्या मानेत रुतलं.

"राम उभा असतो रे," एवढंच ती म्हणाली.

मी रुसून नेहमीच्या आधीची एसटी पकडली.

पुढच्या रविवारी न राहवून गेलोच. स्वार वाळून, रंगून फळीवर तयार होता. धनुष्य तिने कापून निम्मं केलं होतं. स्वाराचे गाल मात्र फुगलेले, भुवया चढलेल्या, अगदी माझ्यासारख्या.

"धनुष्य बदललं," ताई म्हणाली, "तुला नाय बदललं."