बेस गिटारची डेंटिंग-पेंटिंग

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण असला गाढवपणा अख्ख्या अबूधाबीत दुसऱ्या कुणी केला नसेल. आणि यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे बरं का! वसईच्या आमच्या चर्चच्या घंटेची शपथ! म्हणजे… घंटा नको, फार मोठी आहे. मेणबत्तीची घेतो. नव्वद टक्के खरं.

तर माझ्याकडे एक बेस गिटार. सत्तरच्या दशकातली, चार जाड तारांची, वजनाला सिमेंटची गोणी. बोटीवरच्या एका वादकाकडून घेतली तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते! वसईतल्या किती लग्नांत वाजवली, विचारू नका. त्यातली निम्मी लग्नं मोडली, गिटार टिकली. उजवा हात टेकून टेकून तिथला रंग पार गेला होता, आतलं लाकूड दिसायचं. अगदी माझ्या हाताच्या मापाचं.

मग डाव्या हाताची दोन बोटं रुसली. वळेचनात. वाजवणं खलास! तीन वर्षं ती खलिफा सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली पडून. बायको, फिलू, रोज झाडू मारताना तिला सरकवायची आणि माझ्याकडे बघायची. शेवटी ठरवलं, विकायची. पण वाजवणाऱ्याच्याच हातात द्यायची. फोटो टाकले.

दुसऱ्याच दिवशी फोन. डॉक्टर सामंत, अल ऐनच्या एका इस्पितळात पेशंटना भूल देतात.

"अहो, अशी गिटार मी किती वर्षं शोधतोय! बारा हजार दिरहम देतो."

बारा हजार! म्हणजे आपले पावणेतीन लाखांच्या वर! मी उभा होतो तो बसलो.

"आणि रोज वाजवीन बरं का. कपाटात नाही ठेवणार."

बस्स, इथे मी विरघळलो.

"फक्त एक करा. तिला काहीही करू नका. आहे तशीच हवी. शनिवारी येतो."

आता तुम्हीच सांगा. पाहुणा फोनवर म्हणतो, "काही करू नका हं, साधं कालवण-भात चालेल." म्हणून आपण कालवण-भात वाढतो? कोंबडी कापतो की नाही? नाही कापली तर तोच पाहुणा गावभर सांगतो!

नेमका तेव्हाच घरी आला माझा मेहुणा, आग्नेल. मुसफ्फात गाड्यांच्या गॅरेजात कामाला.

"भावजी, ही अशी देणार?"

"ते म्हणाले, आहे तशी."

"म्हणणारच! मोठी माणसं तोंडाने मागतात का? बारा हजार घेणार आणि खरूज झालेलं कुत्रं हातात देणार? गाडी विकतानासुद्धा आपण पॉलिश मारतो!"

"पण आग्नेल…"

"पण नाही नि बिण नाही. यल्ला, उचला!"

काय करणार? सासरचा माणूस!

गॅरेजातल्या उस्तादने तारा काढल्या, खड्ड्यांत पुट्टी भरली, पॉलिश पेपरने घासून घासून तिला गुळगुळीत केलं. मग लँडक्रूझरला मारतात तो मोतिया पांढरा रंग. वर चकचकीत लॅकरचे तीन हात. घरी आणली तेव्हा तिच्यात तोंड बघून दाढी करता आली असती!

लेक म्हणाली, "डॅड, इट लुक्स लाइक अ फ्रिज."

मी म्हटलं, पोरींना काय कळतंय!

शनिवारी डॉक्टर आले. दीड तास गाडी चालवून. नव्या कोऱ्या तारा सोबत, नवा पट्टा सोबत. एखाद्या नवरीचा पदर सारावा तसं मी पेटीचं झाकण उघडलं आणि बाजूला झालो.

डॉक्टर बघतच राहिले.

"छान आहे. आता ती दाखवा."

"कुठली?"

"फोटोतली."

"हीच ती!"

"नाही हो. ती."

"डॉक्टर, हीच! रंगवली! तुमच्यासाठी!"

ते हळूच खाली बसले. ज्या जागी लाकूड दिसायचं तिथे त्यांनी तळवा फिरवला. आंधळ्याने भिंत चाचपावी तसा.

"इथे एक हात होता हो."

"कुणाचा?"

"तुमचाच की!"

मी म्हटलं, "चहा घेणार?"

"ही कल्पना कुणाची?"

"मेहुण्याची," मी म्हटलं.

स्वयंपाकघरात फिलूने काहीतरी जोरात आपटलं.

"त्यांना सांगा, मी निदान भूल देऊन तरी कापू देतो." चहा त्यांनी पूर्ण घेतला, भला माणूस. निघताना नवा पट्टा मात्र आठवणीने परत नेला.

हा किस्सा मी दर नाताळला सांगतो. लोक पोट धरून हसतात आणि आग्नेलला शिव्या घालतात. मीही दोन घालतो, बरं वाटतं.

आता ते दहा टक्के. फिलू आईबापांची एकुलती एक. मला मेहुणाच नाही.

तिने दारात हात आडवा धरला होता. म्हणाली होती, "अरे, एवढं तरी राहू दे रे तुझं." तिचा हात बाजूला सारून मुसफ्फाला गेलो तो मी. कार्डावरून पांढरा रंग निवडला तो मी. आणि उस्तादला खांद्यावर थाप मारून सांगितलं तेही मीच, "हबीबी, पुराना एक भी निशान नहीं दिखना चाहिए."

कामात तो फार चोख निघाला हो.