नळीत अडकलेला गज

माझा थोरला भाऊ माचय्या म्हणजे एक नंबरचा हेकट माणूस. फौजेतून हवालदार होऊन परतला, कॉफीचा मळा सांभाळला, लग्न केलं नाही. वडिलांची रायफल मात्र अशी जपली, की कुणी बायकोलाही जपणार नाही. धाकट्या बोपय्यानं एकदा न विचारता ती रानडुकराच्या मागे नेली, तेवढ्यावरून ह्यानं त्याच्याशी बोलणं टाकलं. एकाच आवाराच्या दोन टोकांना दोन घरं, आणि निरोप पोचवायला कोण? मी. गावातच दिलेली बहीण ना!

आमच्या कोडगूत, म्हणजे कूर्गात, भातलावणीच्या दिवसांत बंदुका देवघरात ठेवतात. लावणी उरकली की काइलपोळ्दच्या सणाला त्या काढायच्या, पुसायच्या, पुजायच्या आणि मग नारळावर नेम धरायचा. त्या वर्षी पावसाची ओल नको म्हणून माचय्यानं नळीत तेलाची चिंधी कोंबून ठेवली होती. शहाणाच! सणाच्या सकाळी चिंधी काढायला गज घातला, तर ती आत फुगून बसलेली. गज तिच्यात रुतला तो रुतलाच. पुढे जाईना, मागे येईना.

मग महाशयांनी काय करावं? नळीच्या तोंडात फुलं खोचायची आमची रीतच आहे. ह्यानं मूठभर जास्त खोचली, गजाचं टोक झाकलं, चंदन लावलं आणि रायफल दिव्यापुढे मांडली. नेमबाजीला बोलावलं तर म्हणे, "खांदा दुखतोय."

सणाचा म्हणून बोपय्या थोरल्या घरच्या दिव्याला नमस्कार करायला आला आणि त्यानं बरोबर हेरलं. कितीतरी वर्षांनी तो आपणहून बोलला, "अण्णा, गज अडकलाय ना? एकट्यानं नाही निघायचा तो. मी दस्ता धरतो, तू ओढ."

"माझ्या बंदुकीला हात लावायचा नाही."

"वडिलांची आहे ती."

"मग वडिलांना पाठव धरायला!"

बोपय्या हसला. मला म्हणाला, "अक्का, ह्याला डुकराचं मटण जरा जास्त वाढ. नुसता राग खाऊन राहतोय." आणि गेला बिचारा.

महिनाभरात बोपय्याच्या छातीत कळ आली. सकाळी आली, दुपारी माणूस संपला. आमच्यात कुणी गेलं की अंगणात लागोपाठ दोन बार काढतात, ते ऐकून गाव गोळा होतं. मी सांगायला धावले, तर माचय्या पांढराफटक पडला. म्हणाला, "बार वडिलांच्याच बंदुकीतून निघतील. मीच काढणार. थांबायला सांग बोपय्याच्या घरच्यांना." मी गड्याबरोबर निरोप धाडला.

ह्यानं रायफल मांडीवर घेतली. नळीत तेल ओतलं, गजाला दोरी बांधली, दातओठ खाऊन ओढली. हात सोलवटले.

"अण्णा, मी धरते."

"बाजूला हो."

"मेला हट्ट तुझा!" मी ओरडले, दस्ता पोटाशी कवटाळला आणि जमिनीवर बसकण मारली. "ओढ आता!"

गज निघाला. टोकाला काळी, कुजकी चिंधी. एवढंच काम होतं हो! दोन माणसं लागत होती, बस्स. माझ्या जिवाचा नुसता संताप झाला.

नळी पुसली, काडतुसं घेतली आणि धावत निघालो. आवार अर्धं ओलांडलं नाही तोच तिकडे दोन बार वाजले.

बोपय्याचा मुलगा नाणय्या अंगणात शेजाऱ्यांची बंदूक घेऊन उभा होता. माचय्या त्याच्या अंगावर धावला, "थांब म्हणून सांगितलं होतं ना!"

"निरोप मिळाला, मोठेबाबा." नाणय्या रडत होता. "पण बाबांनीच सकाळी कळ आली तेव्हा बजावलं. म्हणाले, अण्णाची वाट बघू नका. तो हट्टानं तशाच बंदुकीतून बार काढेल, नळी फुटेल, त्याला लागेल. त्याला सांभाळा म्हणाले."

तिसरा बार आमच्यात काढत नाहीत. माचय्यानं रायफल दोन्ही हातांनी पुढे धरली. "साफ आहे रे आता. बघ ना नळीतून. एकदा बघ तरी."

नाणय्या बापापाशी आत निघून गेला.