ड्रोनच्या स्क्रीनवर दिसलेले तात्या

भुताखेतांशी माझा संबंध फक्त गेमपुरता. समोर आलं की त्याची हेल्थ किती उरलीय ते बघायचं आणि मारायचं, विषय संपला. मी पक्की नर्ड आहे. बारामतीत घरूनच कोडिंग करते, खोलीत तीन जुने कन्सोल, दोन उघडून ठेवलेले लॅपटॉप आणि कायम सोल्डरिंगचा वास. कुणी 'अनुभव' सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न असतो — लॉग आहे का, यंत्रातली नोंद?

या वेळी लॉग आहे. आणि त्यामुळेच जास्त त्रास होतोय.

इंदापूर तालुक्यात वरकुट्याला माझे चुलते राहतात, तात्या. वय चौसष्ट, शुगरचा त्रास, पण शेतात गेल्याशिवाय करमत नाही. नवा ड्रोन घेतला तेव्हा शनिवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. पाच एकर ऊस, तोडणीला आलेला, दोन पुरुष उंच. वरून त्याचा नकाशा करायचा, एवढाच उद्योग.

साडेअकराच्या सुमारास ड्रोन उसावरून जात होता आणि मी बांधावर उभी राहून मोबाईलवर बघत होते. मधेच उसात एक मोकळी जागा दिसली. ऊस आडवा झालेला... आणि त्यात तात्या पडलेले. उजव्या कुशीवर. निळी बंडी. एका पायात चप्पल नव्हती.

ड्रोन तिथेच तरंगत ठेवला. ओरडले, उत्तर नाही. सवयीने त्या जागेची पिन सेव्ह केली आणि उसात घुसले. पानांनी हात-तोंड कापून निघालं. पिनपाशी पोचले तर तिथे काहीच नाही. ऊस सरळ उभा. मोकळी जागासुद्धा नाही!

तात्यांना फोन लावला.

"काय गं पोरी? मी स्टँडवर हाय, च्या पितोय."

"तुम्ही आत्ता उसात नव्हता?"

"न्हाय बा. तासभर हितंच बसलोय. का, काय झालं?"

'सहज विचारलं' म्हणून फोन ठेवला. तात्यांच्या घरी येऊन मेमरी कार्ड बघितलं. रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी नुसती हिरवी पानं, सलग. पण फ्लाइट लॉगमध्ये स्पष्ट दिसतंय, ड्रोन त्या बिंदूवर नऊ मिनिटं थांबला होता. म्हणजे मी काहीतरी बघून थांबले, हे तरी खरं. उन्हामुळे झालं असेल, सकाळपासून पोटात काही नव्हतं... अशी स्वतःची समजूत घालत राहिले. मुक्काम मात्र वाढवला.

रविवारी सकाळी आठला तात्या ठिबकची नळी कुठं गळतेय ते बघायला गेले. साडेनऊ झाले तरी आले नाहीत. फोन वाजत होता, उचलत नव्हते.

"आसतील कुणासंगं बोलत बसलेले," काकू भाकरी थापता थापता म्हणाली. "तू कशाला येवढी येरझाऱ्या घालतीस?"

"काकू, त्यांनी बंडी कुठली घातलीय?"

"निळी. आजच पेटीतनं काढलीया. का गं?"

मी पळाले. शेजारच्या रानातल्या अंकुशरावांना हाक मारली आणि मोबाईलवरची पिन उघडून थेट उसात शिरले. पाच एकरांत माणूस पडला तर चार हातांवरूनही दिसत नाही. आम्हाला शोधावंच लागलं नाही.

तात्या तिथेच होते. उजव्या कुशीवर. पडताना आधाराला धरलेला ऊस त्यांच्याबरोबर आडवा झाला होता, त्यामुळे जागा मोकळी झालेली. एक चप्पल सरीत, चिखलात रुतलेली. अंग घामानं थंडगार, पण श्वास चालू होता.

अंकुशरावांनी त्यांना खांद्यावर घेतलं, आणि त्यांच्याच जीपमधून आम्ही इंदापूरला दवाखान्यात नेलं. साखर एकदम खाली गेली होती. सलाईन सुरू झाल्यावर काही वेळानं त्यांनी डोळे उघडले. डॉक्टर मला म्हणाले, "वेळेवर सापडले. एवढ्या उसात शोधलंत कसं?"

मी म्हटलं, "जागा माहीत होती."

याला काही महिने झाले. तात्या आता ठणठणीत आहेत. मी ते रेकॉर्डिंग फ्रेम बाय फ्रेम कितीतरी वेळा बघितलंय. ॲपमध्ये साठलेला तात्पुरता डेटा तपासला, ड्रोनचं सॉफ्टवेअर तपासलं, दोन मित्रांना फाइल पाठवली. मिळालं काहीच नाही. त्यांनी विचारलं, नक्की काय शोधायचंय? तेही मला सांगता आलं नाही. ग्लिच म्हणावं तर ग्लिचला दुसऱ्या दिवशीची बंडी कशी कळणार?

गेल्या आठवड्यात वरकुट्याला गेले तेव्हा मी सगळं तात्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "मंग आण की त्यो ड्रोन. एकदा आख्ख्या गावावरनं फिरव. कुणाचं काय व्हणार आसंल तर आधी कळंल तरी."

बरोबर आहे त्यांचं. मी ड्रोन बाहेर काढला, बॅटरी लावली, अंगणात ठेवला. काकू ओट्यावर लसूण सोलत होती. तिनं वर बघून हसून हात हलवला.

माझ्यानं तो उडवला गेला नाही.