सीझन कॅन्सल झाला तेव्हाची साखर

मंडळी, आज सकाळपासून मन खातंय.

काल इथल्या अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट, म्हणजे मोठ्या टीम कॉलेजची पोरं निवडतात तो कार्यक्रम, संपला. आमच्या रोहनला कुठल्याच प्रोफेशनल टीमने घेतलं नाही. कोविडमुळे कॉलेजचा शेवटचा फुटबॉल सीझन कॅन्सल झाला, मग त्याचा खेळ कोणी बघणार कसा?

सकाळी पोळ्या लाटताना पुण्याच्या ताईला फोनवर म्हणाले, "बरंच झालं गं. हाडं शाबूत राहिली, आता मास्टर्स करेल."

रोहन मागेच उभा होता. बोलतो इंग्लिशमध्ये, पण मराठी सगळं कळतं त्याला.

"यू वॉन्टेड धिस, आई?"

सीझन कॅन्सल झाला त्या संध्याकाळी मी देवापुढे साखर ठेवली होती. रडून डोळे सुजलेल्या रोहनच्या हातावर तीच प्रसाद म्हणून दिली, आणि त्याने निमूट खाल्ली.

आता तुम्हीच सांगा, त्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणू?